दहा इंची नेटबुकवर ‘ओके’चं बटण दिसत नाही तेव्हा

२००९ ते २०१२ च्या दरम्यान घेतलेली नेटबुकं, म्हणजे दहा इंची छोटे लॅपटॉप, आपल्याकडे गावोगावी अजून चालू आहेत. कुठे सेवा केंद्रात दुसरं मशीन म्हणून, कुठे शाळेत, कुठे घरी पोरांच्या टायपिंगसाठी. त्याला कारणही आहे. बहुतेकांचा अडॅप्टर १९ व्होल्ट, २.१ अँपिअरचा, म्हणजे जास्तीत जास्त ४० वॅट. लाईन गेली तरी घरच्या लहान इन्व्हर्टरला हे ओझं जाणवत नाही. अडचण असते ती पडद्याची. १०.१ इंची पडद्यावर आडवे १०२४ आणि उभे फक्त ६०० ठिपके असतात, आणि कितीतरी प्रोग्रामच्या विंडो ठिपक्यांच्या किमान ७६८ ओळी मिळतील असं धरून बनवलेल्या असतात. प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला घ्यावा, तर ‘नेक्स्ट’ आणि ‘ओके’ पडद्याच्या खाली कुठेतरी बुडालेले. विंडोज ८ ची स्टोअरमधली अ‍ॅप्स तर १०२४×७६८ पेक्षा कमी रिझोल्युशनवर (म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांच्या संख्येवर) उघडतच नाहीत.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. काचेवर ६०० ओळी आहेत आणि कोणतीही सेटिंग त्यात एकही ओळ वाढवत नाही. ‘रिझोल्युशन वाढवणं’ म्हणजे ७६८ ओळींचं चित्र तयार करून ते ६०० ओळींत दाबून बसवणं. जागा मिळते, पण तिची किंमत अक्षरांच्या स्पष्टतेतून जाते. ही किंमत मराठी वाचणाऱ्याला इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा जास्त पडते. म्हणून ही युक्ती कायमची लावून ठेवायची नाही, अडलेल्या विंडोपुरती वापरायची. रोजच्या कामाला दुसरे, जास्त चांगले उपाय आहेत.

आधी हे करून पाहा, काही न बदलता

विंडो खाली बुडाली असेल तर ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबा, मग एम दाबा. माउसचा बाण बदलतो. आता वरच्या बाणाची कळ दाबत राहिलं की विंडो वर सरकू लागते आणि खालची बटणं दिसतात. विंडोज ७ मध्ये काही विंडो पडद्याच्या वरच्या कडेला अडतात. तेव्हा टॅब कळ मोजून दाबायची आणि एंटर मारायचं. बहुतेक इन्स्टॉलरमध्ये ‘नेक्स्ट’ आधीच निवडलेलं असतं, त्यामुळे नुसतं एंटर दाबूनही पुढे जाता येतं. पण जिथे ‘डिलीट’ किंवा ‘फॉरमॅट’ असा शब्द दिसतो, तिथे न दिसणाऱ्या बटणावर एंटर मारू नका.

टास्कबार विंडोज ७ मध्ये ४० ओळी खातो. टास्कबारवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘यूज स्मॉल आयकॉन्स’ला टिक केली की तो ३० वर येतो, आणि ‘ऑटो हाइड’ केला की जवळजवळ सगळाच मोकळा होतो. ब्राउझरमध्ये एफ११ दाबलं की टॅब आणि पत्त्याची पट्टीही जाते.

सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा असेल, सातबारा पाहायचा असेल, तर रिझोल्युशनला हात लावायची गरजच नाही. कंट्रोल धरून वजाची कळ दाबा. ६७ टक्क्यांवर ब्राउझर पानाला सांगतो की रुंदी सुमारे १५२८ ठिपके आहे, आणि उंचीही त्याच प्रमाणात दीडपट मिळते. यातली खरी गंमत अशी, की ब्राउझर अक्षरं लहान करून पुन्हा नव्याने काढतो, तयार चित्र दाबत नाही. त्यामुळे अक्षर बारीक होतं पण धुरकट होत नाही. ७५ टक्के हा मराठी मजकुरासाठी आम्हाला योग्य वाटणारा आकडा आहे. त्याखाली जोडाक्षरं एकमेकांत जातात. कंट्रोल आणि शून्य दाबलं की पुन्हा मूळ आकार.

लांबलचक पीडीएफ वाचायचा असेल तर इंटेलच्या ड्रायव्हरवर कंट्रोल, ऑल्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबून पडद्यावरचं चित्रच फिरवता येतं. मग ६०० रुंद आणि १०२४ उंच जागा मिळते. नेटबुक पुस्तकासारखं उभं धरून वाचायचं. कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की पूर्ववत.

विंडोजमधली रजिस्ट्रीची युक्ती

ही युक्ती इंटेलच्या जीएमए ९५० आणि जीएमए ३१५० या ग्राफिक्सवर चालते. अ‍ॅटम एन२७० प्रोसेसरवाल्या नेटबुकात बहुधा ९५० असतं, एन४५० आणि एन४५५ मध्ये ३१५०. आपल्याकडे कोणतं आहे ते ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ उघडून बघा. तिथे ‘स्टँडर्ड व्हीजीए’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले’ लिहिलेलं असेल तर आधी इंटेलचा ड्रायव्हर टाका. त्याशिवाय पुढचं काहीच होणार नाही, कारण रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, ज्या नोंदीला आपण हात लावणार ती इंटेलच्या ड्रायव्हरचीच आहे. एन२६०० आणि एन२८०० मध्ये जीएमए ३६०० किंवा ३६५० असतं. त्याचा गाभा इंटेलचा नाही, पॉवरव्हीआरचा आहे. नाव सारखं असलं तरी ड्रायव्हर वेगळा, म्हणून तिथे या नोंदीच्या मागे वेळ घालवू नका. खालचे दुसरे उपाय वापरा.

स्टार्टच्या शोधचौकटीत ‘रेजएडिट’ म्हणजे आर-ई-जी-ई-डी-आय-टी लिहून एंटर करा. रजिस्ट्री उघडली की सगळ्यात आधी फाइल मेनूतून ‘एक्सपोर्ट’, खाली ‘ऑल’ निवडून एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

आता डावीकडे सगळ्यात वरच्या ‘कॉम्प्युटर’वर क्लिक करा. मधल्याच एखाद्या फोल्डरवर उभं राहून शोध सुरू केला तर त्याच्या वरच्या नोंदी सुटतात. कंट्रोल आणि एफ दाबा. ‘मॅच होल स्ट्रिंग ओन्ली’ची टिक काढा आणि इंग्रजीत ‘डाउनस्केलिंग’ एवढाच शब्द लिहा: डी-ओ-डब्ल्यू-एन-एस-सी-ए-एल-आय-एन-जी, मध्ये जागा न सोडता. पूर्ण नाव ‘डिस्प्ले१_डाउनस्केलिंगसपोर्टेड’ असं आहे, पण लांब नाव लिहिताना एखादं अक्षर चुकतं आणि माणूस ‘माझ्याकडे ही नोंदच नाही’ म्हणून सोडून देतो. अर्ध्या नावाने शोध नक्की लागतो.

जुन्या मशीनवर शोधाला वेळ लागतो, पडदा गोठल्यासारखा वाटतो, थांबा. नोंद सापडली की तिच्यावर डबल क्लिक करा, ‘व्हॅल्यू डेटा’मध्ये ० असेल तिथे १ लिहा, ओके करा. मग एफ३ दाबा. पुढची नोंद येईल, तिथेही १. असं ‘शोध संपला’ अशी चौकट येईपर्यंत करत राहा. इथेच बहुतेकांची चूक होते. पहिली नोंद बदलून ते मशीन बंद करतात आणि मग काहीच बदललं नाही म्हणतात. ही नोंद ‘कंट्रोलसेट००१’, ‘कंट्रोलसेट००२’ आणि ‘करंटकंट्रोलसेट’ अशा तिन्ही ठिकाणी असू शकते, शिवाय प्रत्येकात ०००० आणि ०००१ अशा दोन फोल्डरांत. सगळीकडे १ पाहिजे.

मशीन पूर्ण रीस्टार्ट करा. नुसतं लॉगऑफ करून किंवा झाकण मिटून उघडून चालत नाही, कारण ड्रायव्हर ही नोंद सुरू होतानाच वाचतो. आता डेस्कटॉपवर राइट क्लिक, ‘स्क्रीन रिझोल्युशन’, आणि यादीत १०२४×७६८ व ११५२×८६४ हे दोन नवे आकडे दिसतील. निवडल्यावर विंडोज ‘ठेवायचं का’ विचारतं. काही दिसेनासं झालं तर हात लावू नका, १५ सेकंदांत ते आपोआप मागे येतं.

इंटेलचा ड्रायव्हर आहे, पण शोधात नोंद एकदाही सापडली नाही, तर ती हाताने बनवता येते. ‘एचकी लोकल मशीन’, ‘सिस्टिम’, ‘करंटकंट्रोलसेट’, ‘कंट्रोल’, ‘क्लास’ असं उघडत जा. तिथे महिरपी कंसातल्या लांब नावांचे बरेच फोल्डर दिसतील. त्यातला ‘४डी३६ई९६८’ ने सुरू होणारा डिस्प्ले अडॅप्टरचा. त्यात ०००० उघडा आणि उजवीकडे ‘ड्रायव्हरडेस्क’समोर इंटेलचं नाव असल्याची खात्री करा. मोकळ्या जागेत राइट क्लिक, ‘न्यू’, ‘डीवर्ड ३२ बिट’. नाव इंग्रजीत पूर्ण लिहा. डिस्प्ले, लगेच १, मग अंडरस्कोर, मग डाउन, स्केलिंग, सपोर्टेड हे तीन शब्द सलग. लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही, मध्ये जागा सुटली तर मात्र पडतो. किंमत १. ०००१ असेल तर त्यातही हेच.

काही महिन्यांनी ही रिझोल्युशनं अचानक गायब झाली तर घाबरू नका. अपडेटने ड्रायव्हर नव्याने टाकला की नोंद पुन्हा ० होते. तेवढं पुन्हा करायचं.

मराठी अक्षरांचं काय होतं

७६८ ओळी ६०० मध्ये दाबणं म्हणजे दर ३२ ओळींच्या २५ करणं. उभ्या दिशेने दाब पडतो, म्हणून आडव्या रेघांना मार बसतो. इंग्रजी अक्षरात उभ्या दांड्या जास्त, ती निभावून नेतात. आपल्या अक्षराचा कणाच आडवी शिरोरेखा आहे. एका ठिपक्याएवढी जाड शिरोरेखा दोन ओळींत विभागली गेली की करडी होते; त्याच पानावर एका ओळीची शिरोरेखा ठळक आणि पुढच्या ओळीची पुसट दिसते. शिरोरेखेच्या वर तर अनुस्वार, रफार आणि मात्रा एक-दोन ठिपक्यांवर उभ्या असतात. त्या विरघळतात.

याचा परिणाम नुसता डोळ्यांवर नाही. वानखडे आणि वानखेडे ही दोन्ही आडनावं आपल्या भागात आहेत, आणि दोघांत फरक एका मात्रेचा. सातबारावरून नाव उतरवताना ती मात्रा पडद्यावर दिसली नाही, तर पुढे आधारचं नाव जुळत नाही आणि शेतकऱ्याला तालुक्याच्या चकरा पडतात. म्हणून नावं, गट नंबर, खातं नंबर भरायचं काम १०२४×६०० वरच करा, ब्राउझरचा झूम वापरून. दाबलेल्या पडद्यावर फक्त इन्स्टॉलर, सेटिंगच्या विंडो अशी बटणं दाबायची कामं.

दोन नव्या आकड्यांपैकी १०२४×७६८ घ्या. त्यात आडवे ठिपके जसेच्या तसे, एकास एक राहतात. विंडोजचं क्लिअरटाइप अक्षर गुळगुळीत करण्यासाठी प्रत्येक ठिपक्यातले लाल, हिरवा, निळा हे आडवे तुकडे वापरतं, आणि एकास एक असेपर्यंत ते बरोबर बसतं. ११५२×८६४ मध्ये रुंदीही दाबली जाते, मग अक्षरांच्या कडांना रंगीत झालर येते आणि मराठी जवळजवळ वाचता येत नाही. ते लावायचंच असेल तर क्लिअरटाइप बंद करून पाहा.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ१२ दाबून इंटेलचं पॅनेल उघडलं की ‘फुल स्क्रीन’ आणि ‘मेंटेन आस्पेक्ट रेशो’ असे पर्याय दिसतात. इथे ‘फुल स्क्रीन’ ठेवा. गोल अंडाकृती दिसतील, चेहरे बुटके दिसतील, ते चालेल. प्रमाण राखायला गेलात तर चित्र ८०० रुंदीत आक्रसतं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, आणि जो आडवा स्पष्टपणा आपण वाचवला तोही जातो.

लिनक्स असेल तर

एन२७० हा ३२ बिटी प्रोसेसर, त्यामुळे त्यावर डेबियन १२ ची ३२ बिटी आवृत्ती किंवा अँटीएक्स. एन४५० ला ६४ बिटीही चालतं, पण रॅम २ जीबीच्या वर जात नाही, म्हणून डेस्कटॉप एक्सएफसीई किंवा एलएक्सडीईसारखा हलका ठेवा.

लिनक्सवर मोठी विंडो हा प्रश्न निम्मा सुटलेलाच असतो. ऑल्ट धरून विंडोत कुठेही माउसने पकडून ओढा. ती पडद्याच्या वरच्या कडेबाहेरही जाते आणि खालचं बटण समोर येतं. त्याहून चांगला आणि कायमचा उपाय एक्सएफसीईच्या ‘अपिअरन्स’मध्ये ‘फाँट्स’खाली आहे. ‘कस्टम डीपीआय’ला टिक करून ९६ च्या जागी ८४ किंवा ८० लिहा. अक्षरं लहान झाली की त्यांच्याभोवतीच्या चौकटी, बटणं, मेनू सगळेच आखडतात, आणि ब्राउझरच्या झूमसारखंच इथेही अक्षर नव्याने काढलेलं असतं, दाबलेलं नसतं. लोहित किंवा नोटो सान्सचा देवनागरी फाँट ८० वरही वाचता येतो. नेटबुकावर लिनक्स चालवण्याचं आमच्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे.

तरीही विंडो बसत नसेल तर टर्मिनलमध्ये एक्सरँडर वापरायचं, एक्स-आर-ए-एन-डी-आर. नुसतं तेवढंच लिहून एंटर केलं की पडद्याचं नाव दिसतं. इंटेलच्या जुन्या ड्रायव्हरवर ‘एलव्हीडीएस१’, मोडसेटिंग ड्रायव्हरवर ‘एलव्हीडीएस-१’. मधली ती आडवी रेघ विसरली की ‘असा पडदा नाही’ म्हणून आज्ञा नाकारली जाते. पुढची आज्ञा उच्चाराप्रमाणे दिली आहे. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे. पडद्याचं नाव मोठ्या लिपीत, बाकी सगळं लहान लिपीत:

एक्सरँडर --आउटपुट एलव्हीडीएस१ --स्केल १एक्स१.२८ --पॅनिंग १०२४एक्स७६८

६०० ला १.२८ ने गुणलं की ७६८. रुंदीला १ ठेवला, कारण वर सांगितलंच. शेवटचा पॅनिंगचा भाग गाळू नका. तो नसला तर काही आवृत्त्यांत माउस ६०० व्या ओळीलाच अडतो. बटण दिसतं पण तिथे पोचता येत नाही. काम झालं की लॉगआउट करून परत आत या, सगळं मूळ जागी येतं. ही आज्ञा रोज सुरू होताना चालेल अशी लावून ठेवू नका. विंडोजमध्ये दाबण्याचं काम ग्राफिक्सचा स्वतंत्र भाग करतो, इथे मात्र प्रत्येक चित्र पुन्हा नव्याने मोजून काढावं लागतं. अ‍ॅटमवर व्हिडिओ लगेच अडखळतो.

बरेच जण ‘न्यूमोड’ने १०२४×७६८ चा नवा मोड घालायला जातात. नेटबुकाच्या पडद्यावर ते होत नाही. पॅनेलच्या स्वतःच्या आकड्यापेक्षा मोठा मोड इंटेलचा ड्रायव्हर सरळ नाकारतो.

खऱ्या ओळी हव्या असतील तर

सोपा रस्ता म्हणजे बाहेरचा मॉनिटर. बहुतेक नेटबुकांना व्हीजीएचं, म्हणजे मॉनिटर जोडायचं, निळं पोर्ट असतं. जुना १३६६×७६८ चा मॉनिटर जोडा, विंडोजची कळ आणि पी दाबा, आणि ‘प्रोजेक्टर ओन्ली’ निवडा. ‘डुप्लिकेट’ निवडलं की दोन्ही पडदे लहान आकड्यावर येतात आणि मॉनिटर जोडून काही हाती लागत नाही. लाईन गेली की नेटबुक बॅटरीवर चालू राहतं पण मॉनिटर विझतो. तो इन्व्हर्टरच्या पॉइंटवर ठेवा.

दुसरा रस्ता पॅनेल बदलण्याचा. १०.१ इंची, ४० पिनांचं, एलईडी, १३६६×७६८ चं पॅनेल अनेक मॉडेलांना बसतं. एका इंचात ११७ ऐवजी १५५ ठिपके येतात, चित्र खरंच स्पष्ट होतं, अक्षर मात्र बरंच बारीक. मागवण्याआधी जुनं पॅनेल उघडून मागचं लेबल वाचा आणि तीन गोष्टी जुळवा: पिनांची संख्या, कनेक्टर डाव्या बाजूला की उजव्या, आणि स्क्रूचे कान कुठे आहेत. यातली एक जरी चुकली तर केबल पोचत नाही किंवा बेझेल, म्हणजे पडद्याभोवतीची चौकट, बसत नाही. त्याच मॉडेलवर कुणी हा बदल केल्याची खात्री नसेल, तर नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात मशीन सोबत नेऊन आधी जोडून बघा, मग पैसे द्या.

घरीच करणार असाल तर अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. पडद्याच्या दिव्याची वीज त्याच केबलमधून जाते. चालू मशीनवर केबल वाकडी लागली तर मदरबोर्डवरचा बारीक फ्यूज उडतो, आणि मग नवं पॅनेलही काळंच दिसतं. कनेक्टर वर उचलायचा नसतो. त्यावरची टेप सोडवून पॅनेलला समांतर, सरळ मागे ओढायचा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कपड्यांत ठिणग्या होतात, म्हणून पॅनेलला हात लावण्याआधी उघड्या लोखंडी खिडकीला किंवा नळाला स्पर्श करा. काम सकाळी, पंखा आणि कूलर बंद ठेवून. नव्या पॅनेलची वरची पातळ फिल्म बेझेल बसवण्याच्या अगदी आधी काढा, नाहीतर धूळ आत अडकते आणि ती दिसत राहते.